चाळीस नावांची यादी

पेण
गुरुवार, ८ ऑगस्ट २०१९

प्रिय महिपती,

हे पत्र हाताने लिहितेय. कॉम्प्युटरवर दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा चार ओळींच्या पुढे गेले नाही. पुसायची सोय हाताशी असली की माणूस खरं बोलायचं टाळतो. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसतं, तेव्हा जिथे खोडलंय तिथे मी अडखळले होते असं समज.

इकडची खबर म्हणशील तर खालच्या कारखान्यात गणपतींची रंगाची घाई सुरू आहे. आमची चार कॉम्प्युटरांची खोली वर असल्यामुळे प्लास्टरची धूळ आमच्याच वाट्याला. आठवड्यातून एकदा मशिनी उघडून पुसतो. कंपनीवाले पाइपांचे नकाशे पाठवतात, आम्ही सांगतो कुठला सांधा किती दाब सोसेल, आणि त्यावर आमचं चाललंय. तू मागे विचारायचास तसं कुणी आता विचारत नाही, "दीना, आज काय फुटणार?" दोन महिने आपण बोललेलो नाही. आयुष्यात एवढा खंड पहिल्यांदाच पडला.

काल कपाट आवरताना रोह्याच्या शाळेतला फोटो सापडला. तू निडीहून सायकलने यायचास, आणि शाळा सुटली की इझीला पुढच्या दांड्यावर बसवून आमच्या घरापर्यंत सोडायचास. माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मी पायी मागून. आई तुला भाकरीबरोबर कालवण द्यायची आणि तू घरून वालाची पिशवी आणायचास. इतर ज्यू घरांसारखे बाबांचे सगळे भाऊही एकेक करून इस्रायलला गेले. बाबा रोह्याच्या पोस्टात होते, म्हणायचे, माझी सगळी पत्रं इथे येतात, मी कुठे जाऊ? ब्याण्णव साली माझेही कागद झाले होते. तेव्हा तू मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होतास, मुद्दाम सुट्टी काढून आलास आणि ओट्यावर बसून म्हणालास, "जायचं तर जा. पण तिथं तुला दीना म्हणून वळखणारं कोण हाय?" मी राहिले. तुझ्या एकट्यामुळे राहिले असं म्हणणार नाही, पण कारणं मोजायला बसले तर त्यात तू आहेस.

सत्त्याण्णव साली कंपनीत वाफेच्या लाइनचा कोपरा फुटला आणि काळुराम फिटरचे दोन्ही हात भाजले, हे तुला आठवत असेल, त्याच्या पट्ट्या तूच बदलायचास. मी तेव्हा तिथे साधी ज्युनिअर इंजिनिअर होते. झडप एकदम बंद केली की मागून येणारा प्रवाह आदळतो आणि तो धक्का पाइपात कुठेतरी जाऊन बसतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुठे बसतो, ते कुणी सांगू शकत नव्हतं. खऱ्या पाइपाला हात न लावता कॉम्प्युटरवर तसाच पाइप उभा करायचा, त्यातून वाफ सोडायची आणि कुठे ताण येतो ते बघायचं, असा प्रोग्राम मी वर्षभर खपून लिहिला. मॅनेजर हसला. मी एका सांध्यावर खडूने फुली मारून ठेवली, आणि सहा आठवड्यांनी तो सांधा तिथेच पाझरायला लागला. तुला हे सांगितलं तेव्हा तू हातातला चहा खाली ठेवलास. म्हणालास, "दीना, डोक्यातली शीर पण पाइपच ना गो?" मी म्हटलं, पाइप जिवंत नसतो. तो विषय तिथे थांबला असं मला वाटलं होतं. तू तो पंधरा-सोळा वर्षं जपून ठेवलास.

कारण चौदा साली आई गेली. तांदूळ निवडता निवडता डोकं धरून आडवी झाली आणि उठली नाही. तोवर तू मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचा सर्जन म्हणून नाव कमावलेलं. आईच्या मेंदूतल्या शिरेला फुगवटा होता, तो फुटला, हे तूच आम्हाला समजावून सांगितलंस. आणि पुढे म्हणालास की असे बारीक फुगवटे कितीतरी लोकांच्या डोक्यात असतात, बहुतेकांचे जन्मभर फुटत नाहीत, काहींचे फुटतात, आणि कुणाचा फुटेल हे आम्हा डॉक्टरांना नीट सांगता येत नाही. सरसकट सगळ्यांची डोकी उघडावीत तर त्या ऑपरेशननेच काही जण लुळे होतील, काही मरतील. "तुझी फुली पाहिजे मला," असं म्हणालास. मी दोन वर्षं नोकरी सोडून तेच केलं. स्कॅनमधून शिरेचा आकार काढायचा, त्यात रक्त वाहतं करायचं, भिंतीवरचा ताण मोजायचा आणि शेवटी एक आकडा. महिपती, मी आयुष्यात जे काही केलं त्यात ते सगळ्यात चांगलं काम आहे. आजही.

मग आला तुझा अभ्यास. बारीक फुगवट्याचे चाळीस लोक, तीन वर्षं फक्त लक्ष ठेवायचं. त्यांचे आकडे माझा प्रोग्राम काढणार, पण तीन वर्षं ते कुणी बघायचे नाहीत. तू नाही, मी नाही, रोगीही नाही. शेवटी यादी उघडायची आणि ताडून पाहायचं की ज्यांचे आकडे मोठे त्यांचेच फुगवटे वाढले का. एथिक्स कमिटीच्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं होतं, आकडा भयंकर आला आणि तो माणूस समोर हसत बसलाय, तर त्याला न सांगणं हे पाप नाही का? उत्तर मी दिलं होतं. मी म्हटलं, सिद्ध न झालेला आकडा म्हणजे नुसती अफवा. अफवेवरून कुणाचं डोकं उघडायचं नाही. माझ्या उत्तरावर सगळ्यांच्या माना हलल्या आणि आकडे कुलपात ठेवायच्या नियमाखाली तुझ्या सहीशेजारी माझी सही झाली. ही सही मी कधी नाकारणार नाही.

आई तशी गेली म्हणून इझीची तपासणी मीच करवली. चार मिलीमीटरचा फुगवटा निघाला. त्याला अभ्यासात यायला मीच सांगितलं. त्याने फॉर्म न वाचताच सही केली. म्हणाला, "ताईचं सॉफ्टवेअर, महिपतीचं हॉस्पिटल. आणखी काय वाचायचं?" कंपनीत शिफ्टवर जाऊन सांगायचा, माझं डोकं कॉम्प्युटरमध्ये आहे, मुकादमाने जास्त काम सांगू नये. तुझी बहीण चंद्रावती कोलाडला चक्कर येऊन पडली, तिचाही फुगवटा निघाला आणि तीही यादीत आली. तुझी एक, माझा एक. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं. दोघांनी सारखंच पणाला लावलंय, असं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तू सांगितलंस की चंद्रावतीचा फुगवटा नव्या स्कॅनमध्ये वाढलेला दिसला, म्हणून तिला अभ्यासातून काढून ऑपरेशन केलं. मी देवाचे आभार मानले. मे महिन्यात तू रोह्याला इझीकडे आलास. बोय माशांचं कालवण होतं, तू दोनदा भात घेतलास. इझी म्हणाला, कधी कधी मान अवघडते रे, आणि तू त्याच्या मानेवरून हात फिरवून म्हणालास, "शिफ्टा कमी कर, दुसरं काय." मी समोर बसले होते. तुझा चेहरा मी नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहिलाय. त्यात काहीच नव्हतं.

अकरा ऑक्टोबरला सकाळी इझी कंपनीत बोल्ट आवळायला वाकला आणि डोकं धरून खाली बसला. अँब्युलन्स वडखळ नाक्यावर तासभर अडकली आणि तिथेच तो गेला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, संध्याकाळी आमचा विश्रांतीचा शब्बाथ लागायच्या आत माती द्यायची होती. प्रार्थनेला आमचे दहा पुरुष लागतात, रोह्यात मिळून पाच. अलिबागहून चार आले, दहावा पनवेलहून रिक्षा करून आला. तू टोपी घालून बाजूला उभा होतास. सगळ्यांबरोबर तीन मुठी माती टाकलीस. मग माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "आपल्या हातात काही नव्हतं, दीना." त्या एका वाक्यावर मी सात महिने तग धरला.

यंदा मेमध्ये चंद्रावती पेणला आली. सरळ जिना चढून आमच्या खोलीत. ऑपरेशननंतर मी तिला पाहिलंच नव्हतं. इझीच्या वेळी तिला प्रवास झेपत नव्हता. डोक्यावर पदर, त्याखाली केस पुन्हा आलेले. हातात चिकूंची पिशवी. तिने माझे दोन्ही हात धरले, ते कपाळाला लावले. म्हणाली, "भावानं सांगितलं व्हतं कोनाला बोलू नको. पण वरीस झालं, आता तुला नाय सांगू तर कोनाला? तुझ्या मशिनीनं वाचवलं मला. भाऊ म्हनला, दीनाच्या मशिनीचा आकडा बघितला नि माझ्या पायाखालची जमीनच सरकली, चंद्रे, उद्याच्या उद्या अॅडमिट हो."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीवरच्या इझीच्या फोटोकडे. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई आहे, पण तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. हळूच खुर्चीत बसली. "म्हंजे इझीचा पन आकडा आला आसल ना गो?"

प्रोग्राम मी लिहिलाय, महिपती. यादी कुणी उघडली तर कोणी आणि कधी, याची नोंद तो आपली आपण ठेवतो, हे तू विसरला असशील किंवा तुला माहीतच नसेल. मी हॉस्पिटलात गेले आणि फक्त ती नोंद काढली. आकडे पाहिले नाहीत, आजही पाहिलेले नाहीत. तेरा मार्च दोन हजार अठरा, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तुझं नाव. एकदाच उघडलेली, चाळीसच्या चाळीस ओळी.

जूनमध्ये मी तुझ्या केबिनमध्ये येऊन तो कागद टेबलावर ठेवला. तू नाही म्हणाला नाहीस, एवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवते. म्हणालास, "चंद्रीसाठी उघडली. यादी मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेली असते. चंद्री तिसरी होती." मी विचारलं, पहिला कोण? तू खिडकीकडे बघत म्हणालास, इझी. मग म्हणालास, एकाला काढलं तर स्कॅनमध्ये वाढ दिसली म्हणता येतं. तिघांना काढलं तर कुलूप मोडलं हे लपत नाही, अभ्यास संपतो, आणि हजारो लोकांना उपयोगी पडणारी गोष्ट मातीत जाते. आणि शेवटी म्हणालास, "सही तुझी पण हाय, दीना. सिद्ध न झालेला आकडा म्हंजे अफवा, हे तूच बोलली व्हतीस." गेली वीस वर्षं तू माझ्याशी शहरी मराठी बोलतोस. त्या दिवशी तुझ्या तोंडून घरची बोली निघाली. तेवढ्याने मला कळलं की हे तू कितीतरी दिवस मनात घोकून ठेवलं होतंस.

ते वाक्य मी घेऊन घरी आले आणि दोन महिने त्याच्याशी भांडतेय. तुला वाटेल मी माझी चूक तुझ्यावर ढकलतेय. तसं नाही. तू नियम पाळला असतास आणि यादीला हात लावला नसतास, तर कदाचित चंद्रावतीही गेली असती आणि इझीही, आपण दोघं एका ओट्यावर बसून रडलो असतो आणि मी तुला दोष दिला नसता. तू नियम मोडला असतास, सगळ्या चाळीस जणांसाठी, तर कमिटीने तुला झोडपलं असतं आणि मी तुझ्या शेजारी उभी राहिले असते. तू दोन्ही केलं नाहीस. तुझ्या घरासाठी तो आकडा खरा होता आणि माझ्या घरासाठी अफवा. आकडा एकाच प्रोग्रामने काढलेला, एकाच कागदावर, दोन ओळींच्या अंतराने. मला वाईट याचं वाटत नाही की तू बहिणीला वाचवलंस. कोण भाऊ वाचवणार नाही? ती जगली याचा आनंद मला खरोखर आहे. पण त्यानंतर सात महिने तुझ्याकडे फोन होता. तुला यादीबद्दल काही बोलायचीही गरज नव्हती. "इझी, पुन्हा एकदा स्कॅन करू" एवढं म्हटलं असतंस तरी तो हसत हसत आला असता, तू बोलावलंस म्हणून. तू त्याच्या मानेवरून हात फिरवलास आणि गप्प राहिलास. आपल्यात काय होतं याला मी कधी नाव दिलं नाही, तूही दिलं नाहीस. पण जे होतं ते त्या दुपारी जेवणाच्या पाटावर संपलं, फक्त मला कळायला वर्ष लागलं.

मंगळवारी मी मुंबईला जाऊन कमिटीला माझं लेखी म्हणणं देऊन आले. तेरा मार्चची नोंद जोडली आहे. पहिल्या पानावर माझी सही कुठे आणि का होती ते लिहिलंय, आणि तो नियम चुकीचा होता हेही. आकड्याला कुलूप लावताना धोक्याची एक रेषा ठरवायला हवी होती, तिच्यावर कुणी गेला तर तिसऱ्या कुणीतरी, आपल्या दोघांच्या नात्यागोत्यातल्या नसलेल्याने, त्या माणसाला सांगायला हवं होतं. हे मला सुचलं नाही. त्या म्हाताऱ्या बाई अजून कमिटीवर आहेत. त्यांनी पानं वाचली आणि चष्मा काढून मला पाणी दिलं. चंद्रावतीचं नाव घालावं की नाही म्हणून आधी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "घाल माझं नाव. मी जिती हाय ती कशानं, ते लिव. भावाशी मी बोलंन काय ते." हे तुला आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटू नये की मी कागद रोखून ठेवलेत आणि तुझ्याशी सौदा करतेय. कागद गेले. आता ते परत येणार नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. इझीची सिपोरा, तुझ्या मांडीवर खेळलेली, आता एकवीस वर्षांची आहे. आजी गेली, बाप गेला, म्हणून मी गेल्या महिन्यात तिचा स्कॅन करून घेतला. फुगवटा आहे. साडेचार मिलीमीटर. तुझ्या हॉस्पिटलात नेलं नाही, दुसरीकडचे सर्जन बघतायत, सज्जन माणूस आहे. ते म्हणतात, आकार लहान आहे पण घराण्याचा इतिहास वाईट आहे. ऑपरेशन करावं तर जागा अवघड, वाट बघावी तर भीती. मी तिचा आकडा काढला. तो माझ्यासमोर कागदावर आहे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, बाई, हा आकडा मोठा की लहान? आणि महिपती, मला उत्तर देता आलं नाही. कारण कुठल्या आकड्याला फुटतं आणि कुठल्याला काही होत नाही, हे फक्त त्या चाळीस ओळींत आहे. कमिटीला निर्णय घ्यायला दोन-तीन महिने लागतील. मी यादी उघडू शकते, पण चोरून आणलेल्या आकड्यावर ते सर्जन सुरी धरणार नाहीत आणि धरूही नये. अभ्यासाचा प्रमुख म्हणून तू मात्र रोग्यांच्या जिवाच्या कारणाने आज, एका सहीने, अभ्यास थांबवून यादी उघडू शकतोस. नियमांत ते कलम तूच घातलं होतंस. तुझं नाव, तुझी इतक्या वर्षांची मेहनत त्यात जाईल, हे मला माहीत आहे. तरी थांबव. उरलेल्या अडतीस जणांना बोलावून त्यांचे त्यांचे आकडे सांग, आणि इझीचा आकडा, त्याचे सगळे स्कॅन, सिपोराच्या डॉक्टरांना पाठव. मला पाठवू नकोस. मला माफीचं पत्र लिहू नकोस, पेणला येऊ नकोस. डॉक्टरांचं नाव आणि फोन मागच्या बाजूला लिहिलाय, ते सकाळी दहापासून असतात. सिपोराला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "आत्या, महिपतीकाकांना मी लिहू का?" मी म्हटलं, नको बाळा, त्यांना मी ओळखते, मी लिहिते.

ओळखते असं मी तिला म्हटलंय. निदान ते तरी खोटं पाडू नकोस.

सिपोराची आत्या,
दीना